दोन औषधं एकत्र आली की

टर्फेनाडीन ही ॲलर्जीवरची गोळी अमेरिकेत १९८५ साली आली. तिने झोप येत नसे, त्यामुळे ती खूप खपली. १९९० मध्ये एका ३९ वर्षांच्या बाईची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. टर्फेनाडीन चालू असतानाच ती बुरशीवरचं कीटोकोनॅझोल घेऊ लागली आणि तिला चक्कर येऊन शुद्ध हरपू लागली. ईसीजीत हृदयाची लय धोकादायक रीतीने बिघडलेली दिसली. डोस मात्र नेहमीचाच होता!

टर्फेनाडीन पोटात गेलं की आतडं आणि यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जवळजवळ सगळ्याचं रूपांतर फेक्सोफेनाडीनमध्ये करतं. ॲलर्जी आटोक्यात आणतं ते हेच. कीटोकोनॅझोल त्या विकरालाच अडवतं, आणि मूळ टर्फेनाडीन रक्तात साचत जातं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडावं लागतं, तेव्हाच त्या पुढच्या ठोक्याला तयार होतात. साचलेलं टर्फेनाडीन पोटॅशियमची ही वाट बंद करतं. त्यामुळे पेशी पुन्हा तयार व्हायला उशीर होतो. ठोका सुरू झाल्यापासून खालचे कप्पे पुन्हा तयार होईपर्यंतच्या वेळेला ईसीजीत 'क्यूटी' अंतर म्हणतात; ते या उशिराने वाढलेलं दिसतं. हृदयगतीचा हिशेब धरून काढलेलं हे अंतर ५०० मिलिसेकंदांपुढे गेलं की धोका बराच वाढतो. हृदयाचे खालचे कप्पे अतिवेगाने थरथरू शकतात, मेंदूला रक्त पुरत नाही आणि प्रसंगी मृत्यूही येतो. अखेर टर्फेनाडीन बाजारातून गेलं; त्याची जागा थेट फेक्सोफेनाडीननेच घेतली.

क्यूटी वाढवणारी दोन औषधं एकत्र आली तरी हाच धोका असतो. उलटीवरचं ऑनडॅनसेट्रॉन, लिव्होफ्लॉक्सॅसिन आणि अझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं, नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम ही सारी आपल्या ओळखीची. त्यात जुलाबांनी किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम घटलेलं असेल, तर धोका आणखी वाढतो. स्त्रियांमध्ये आणि वृद्धांमध्ये तो मुळातच जास्त असतो.

बहुतेकांना या औषधांनी काहीही होत नाही, म्हणून घाबरून गोळ्या स्वतःहून बंद करणं अधिक घातक ठरू शकतं. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर काही वेळा बेडाक्विलिन, क्लोफॅझिमिन आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन एकत्र द्यावी लागतात. तिन्ही क्यूटी वाढवतात, पण तीच रुग्णाला वाचवतात. त्यासाठीच तिथे वेळोवेळी ईसीजी काढतात. बाकी दाताच्या डॉक्टरांकडून नवं औषध घेताना आपण त्यांना चालू असलेल्या मानसोपचाराच्या गोळ्यांबद्दल सांगतच नाही, हे मला फार काळजीचं वाटतं. नवं औषध सुरू केल्यावर अचानक शुद्ध हरपली, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. लगेच रुग्णालयात जा, ईसीजी काढून घ्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.