४,८०० येनची कॅसेट: ‘पॅटलेबर’ आधी घरात आली, मग टीव्हीवर

‘मोबाइल पोलीस पॅटलेबर’ ही अजस्र यंत्रे चालवणाऱ्या पोलीस पथकाची जपानी अ‍ॅनिमेशन मालिका. ती पाहायला बसणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सुरुवात कुठून करायची? सात भागांची एक व्हिडिओ मालिका आहे, ४७ भागांची टीव्ही मालिका आहे, त्यानंतर १६ भागांची आणखी एक व्हिडिओ मालिका आहे आणि वर सिनेमे. नोआ इझुमी ही आपली नायिका जुन्या मालिकेत पोलीस पथकात दाखल होते, आणि टीव्हीवर पुन्हा नव्याने दाखल होते. एकाच मुलीची दोनदा भरती! हा गोंधळ कोणाच्या निष्काळजीपणामुळे झालेला नाही. एरवी मालिका आधी टीव्हीवर येते आणि तिची कॅसेट मागाहून निघते. इथे कॅसेट आधी आली. टीव्ही नंतर आला, आणि टीव्ही संपल्यावर मालिका पुन्हा कॅसेटकडे वळली.

थोडे मागे जायला हवे. डिसेंबर १९८३ मध्ये ‘डॅलोस’ नावाची मालिका जपानमध्ये थेट व्हिडिओवर निघाली. टीव्ही नाही, थिएटर नाही, सरळ दुकानात. अशा निर्मितीला पुढे ‘ओव्हीए’ (ओरिजिनल व्हिडिओ अ‍ॅनिमेशन) हे नाव पडले. ‘डॅलोस’चा दिग्दर्शक होता मामोरु ओशिई. टीव्हीची वेळ आणि प्रायोजकाची मर्जी सांभाळायची नसल्याने या प्रकारात दिग्दर्शकांना मोकळीक मिळाली. मात्र तिची किंमत गिऱ्हाइकाच्या खिशातून जायची. अर्ध्या तासाच्या कॅसेटला दहा हजार येनच्या आसपास मोजावे लागत. शाळा-कॉलेजातल्या पोराला ते झेपणारे नव्हतेच, त्यामुळे कॅसेट घ्यायची ती भाड्याने देणाऱ्या दुकानाने किंवा अगदी हट्टी चाहत्याने. (आपल्याकडे त्याच वर्षांत व्हीसीआरसुद्धा भाड्याने यायचा. चार घरे वर्गणी काढायची आणि एका रात्रीत तीन सिनेमे उरकायची.)

‘पॅटलेबर’ची कल्पना मात्र कोणा कंपनीच्या बैठकीत निघालेली नाही. चित्रकथाकार मासामी यूकी आणि त्याच्या मित्रमंडळींच्या गप्पांमधून ती वाढली. यूकी, यंत्रांचे आराखडे करणारा युताका इझुबुची, पटकथाकार काझुनोरी इतो, पात्ररचनाकार आकेमी ताकादा आणि शेवटी येऊन मिळालेला ओशिई, असे पाच जण. त्यांनी ‘हेडगिअर’ नावाने गट केला आणि कथेचे हक्क स्वतःच्या नावावर ठेवले. त्या धंद्यात हे विरळाच. चित्रपट, टीव्ही, चित्रकथा आणि व्हिडिओ या चार वाटांवर एकच पोलीस पथक चार तऱ्हांनी चालवता आले, त्यामागे हक्कांची ही व्यवस्था होती असे मला वाटते.

ओशिई आला तेव्हा त्याचे दिवस बरे नव्हते. १९८५ मधला त्याचा ‘एंजल्स एग’ जाणकारांना भावला, पण चालला नाही, आणि त्यानंतर काम मिळणे अवघड झाले होते. सहा भाग, बेताचे पैसे, अशी ही मालिका त्याच्या पुढ्यात आली.

२५ एप्रिल १९८८ ला पहिली कॅसेट बाजारात आली. किंमत ४,८०० येन, म्हणजे रूढ दराच्या निम्मी. त्यासाठी कॅसेटमध्येच जाहिरात घातली होती. अमेरिकेत ‘टॉप गन’च्या कॅसेटवर पेप्सीची जाहिरात घालून किंमत खाली आणण्याचा प्रयोग आदल्याच वर्षी झाला होता, म्हणजे युक्ती अगदीच नवी नव्हती. पण तिने गिऱ्हाईक बदलले. आता चाहता स्वतः विकत घेऊ शकत होता, आणि पुढचा भाग येईपर्यंत तोच भाग पुन्हा पुन्हा पाहू शकत होता.

स्वस्त कॅसेटचा परिणाम कथेवरही दिसतो. अजस्र यंत्रांची मारामारी चितारायची तर हजारो चित्रे लागतात, म्हणजे पैसा लागतो. मग काय करायचे? यंत्रे कमी हलवायची आणि माणसांना बोलते ठेवायचे. कथा घडते ती तेव्हा दहा वर्षे दूर असलेल्या १९९८ च्या तोक्योत. तोक्योच्या खाडीत मोठे बांधकाम चालू आहे, त्यासाठी ‘लेबर’ नावाची अवजड यंत्रे वापरात आहेत, आणि लेबर आले तसे लेबर चोरणारे, दारू पिऊन लेबर चालवणारेही आले. त्यांना आवरायला पोलिसांचे विशेष वाहन विभाग क्रमांक दोन. पहिल्याच भागात या विभागाचे कोरे करकरीत ‘इनग्राम’, म्हणजे पोलिसांचे स्वतःचे लेबर, येता येता रस्त्यातल्या वाहनकोंडीत अडकतात! पुण्या-मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये.

पथक तरी कसले! नोआने आपल्या यंत्राला लाडाने आल्फोन्स नाव दिलेले, त्यावर ओरखडा उठला तरी तिचा जीव कासावीस. ओताला बंदूक चालवायला निमित्त हवे. आणि या सगळ्यांवर कॅप्टन गोतो. पेंगुळल्या डोळ्यांचा, बोलण्यात तिरकस, आणि आतून सगळ्यांत तल्लख. आळशी दिसणाऱ्या माणसाची ही हुशारी मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. सरकारी कचेरीत असा एखादा साहेब असतोच.

सहा भागांत ओशिईने बऱ्याच गोष्टी करून पाहिल्या. तिसरा भाग समुद्री राक्षसाच्या चित्रपटांची थट्टा, चौथा भुताचा. पाचवा आणि सहावा मिळून एकच कथा, आणि तिचा सूर एकदम वेगळा: लष्करातल्या काही जणांचा उठाव. हसवणाऱ्या मालिकेत हे मध्येच कुठून आले असे त्या वेळी कोणाला वाटले असेल तर नवल नाही. पण त्या दोन भागांचे बीज घेऊनच ओशिईने १९९३ मध्ये दुसरा ‘पॅटलेबर’ चित्रपट केला, आणि तो पूर्णपणे गंभीर होता.

कॅसेट खपल्या. ठरलेल्या सहांना सातवा भाग जोडला गेला, १५ जुलै १९८९ ला पहिला चित्रपट लागला, आणि त्याच वर्षी ११ ऑक्टोबरपासून निप्पोन टेलिव्हिजनवर मालिका सुरू झाली. टीव्हीच्या प्रेक्षकाने कॅसेट पाहिली असेलच असे धरता येत नव्हते. म्हणून कथा पहिल्यापासून मांडली आणि नोआची दुसऱ्यांदा भरती झाली. दिग्दर्शन आता नाओयुकी योशिनागाकडे होते. ओशिई काही भाग लिहून देई. २९ वा भाग त्याचाच. पथकाचा मुक्काम गावाबाहेर भराव घातलेल्या जमिनीवर, जेवण मागवायचे ते शांघाय-तेई नावाच्या एकाच खानावळीतून, आणि नेमके ते येत नाही. एवढ्या विषयावर अख्खा भाग! गुन्हेगार नाही, पाठलाग नाही. नुसती भूक, आणि भुकेपोटी ढासळत जाणारी पोलिसी शिस्त. मला विचाराल तर अख्ख्या ‘पॅटलेबर’मध्ये याहून विनोदी काही नाही.

टीव्ही मालिका सप्टेंबर १९९० मध्ये संपली, पण पथकाशी भिडणाऱ्या काळ्या ‘ग्रिफन’ यंत्राचे प्रकरण अर्धवटच राहिले. ते तडीला नेण्यासाठी नोव्हेंबर १९९० पासून पुन्हा व्हिडिओ मालिका निघाली आणि १९९२ पर्यंत चालली. ग्रिफन प्रकरण लवकर मिटवून उरलेल्या भागांत लेखकांनी पुन्हा मौज सुरू केली. यातले काही भाग टीव्हीच्या धाग्याला जोडतात, काही थेट जुन्या व्हिडिओच्या. क्रमाचा गुंता इथे खरा वाढतो. माझा सल्ला साधा: जुने सात भाग, मग पहिला सिनेमा, मग टीव्ही, मग नवे सोळा, आणि दुसरा सिनेमा शेवटी. तिथे गोतो वेगळाच भेटतो, आणि आधीचा गोतो ओळखीचा असेल तरच त्याचे गांभीर्य टोचते.

पुढची माध्यमे येत गेली तशी मालिका त्यांच्यातून फिरत राहिली. लेझरडिस्क झाली, डीव्हीडी झाली. १९९८ मध्ये, म्हणजे कथेतल्याच साली, ओशिईच्या दोन्ही सिनेमांचा आवाज सभोवार ध्वनीसाठी नव्याने ध्वनिमुद्रित झाला. अमेरिकेत व्हिडिओ आणि टीव्ही मालिका न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क मीडियाने काढल्या होत्या. ती कंपनी २००९ मध्ये बुडाली. त्यानंतर २०१३ मध्ये मेडन जपानने ब्लू-रे आणेपर्यंत तिथल्या चाहत्यांना जुन्या डिस्क शोधत हिंडावे लागले.

२०१४ मध्ये ओशिईने खरी माणसे घेऊन नवी मालिका केली. तिच्यासाठी खऱ्या मापाचा इनग्राम उभारला होता आणि तो गावोगाव मांडला जाई. यंत्र चालत नव्हतेच. ट्रकवर आडवे झोपून यायचे, आणि मग लोकांसमोर हळूहळू उभे केले जायचे. बघायला गर्दी व्हायची ती एवढ्यासाठीच.