बाटलीतली नाचणी आणि वाटीतली नाचणी

बेळगावात एखादं तान्हं बाळ चारचौघांत दूध ओकलं की सल्ला यायला मिनिटही लागत नाही. "ओकायलंय व्हय? मग नाचणीचं सत्त्व चालू कर की. जड पडलं की बसतंय आत." शहापूरच्या आजी हेच सांगतात, खानापूरची मावशी हेच सांगते आणि शेजारची कन्नड बोलणारी अक्का रागीच्या सरीचं, म्हणजे नाचणीच्या पेजेचंच, नाव घेऊन तेच सांगते. सीमाभागात इतकं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मी पाहिलेलं नाही. दुर्दैवानं ते चुकीच्या गोष्टीवर झालंय.

या सल्ल्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. पहिली, ओकणाऱ्या बाळाचं दूध घट्ट करणं. हा उपचार आहे. तो काही मोजक्या बाळांसाठी असतो आणि डॉक्टरांनी प्रमाण ठरवून दिल्यावर करायचा असतो. दुसरी, बाळाला वरचं अन्न सुरू करणं. हा वाढीचा टप्पा आहे, तो प्रत्येक बाळाला येतो आणि त्याचा ओकण्याशी संबंध नाही. दोन्हीकडे पीठ तेच, चमचाही तोच, म्हणून चार महिन्यांच्या बाळाच्या बाटलीत नाचणी जाते आणि घरातले म्हणतात, "बाळ खायला लागलं."

गुळणी, म्हणजे बाळानं प्यायलेलं दूध वर काढणं, काय असते ते खांद्यावर फडकं टाकून फिरणाऱ्या आईबापांना सांगायला नको. अन्ननलिका आणि जठर जिथं जुळतात तिथला स्नायू मधूनमधून सैल पडतो, पोटात असतं ते सगळं पातळ, आणि बाळ दिवसभर आडवं. दूध वर येणारच. बहुतेक बाळांचं हे दोन महिन्यांच्या आत सुरू होतं आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत दहातल्या नऊ बाळांचं आपोआप थांबतं. ओकून झाल्यावर हसणारं आणि वजन नीट वाढणारं बाळ आजारी नसतं. तेवढं पुरे, पुढं जाऊ.

खरी गफलत होते ती कॅलेंडरमुळं. ओकणं सगळ्यात जास्त असतं ते चौथ्या महिन्याच्या आसपास. साहजिकच घरातल्यांचा धीर तेव्हाच सुटतो, सल्ले तेव्हाच येतात आणि साडेचार-पाच महिन्यांत नाचणी चालू होते. त्यानंतर बाळ सहाव्या-सातव्या महिन्याकडं सरकतं. आधार देऊन बसायला लागतं, दिवसातला बराच वेळ पाठ सरळ ठेवतं, तो सैल स्नायूही पक्का होत जातो. ओकणं कमी होतं आणि श्रेय नाचणीला मिळतं. आजीनं जे पाहिलं ते खरंच असतं: नाचणी दिली आणि मग ओकणं कमी झालं. पण नाचणी न देता ज्या घरात वाट पाहिली, तिथंही ते त्याच सुमाराला कमी झालं. त्या घरातलं कुणी शेजारी जाऊन सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. आणि नाचणी देऊनही जे बाळ ओकतच राहिलं, त्याला "जरा जास्तच ओकरं होतं" म्हणून हिशेबातून वगळलं जातं.

मग डॉक्टर कधीकधी दूध घट्ट करायला का सांगतात? बाळ बाटलीनं वरचं दूध पितंय, वारंवार आणि भरपूर ओकतंय, त्याचा त्रास होतोय, आणि पाजण्याचं प्रमाण व पद्धत तपासूनही फरक पडला नाही, तेव्हा. त्यानं डोळ्यांना दिसणारं ओकणं कमी होतं. आतल्या आत आम्ल वर चढण्याचं प्रमाण तितकं कमी होईल असं मात्र नाही. म्हणजे फडकी कमी धुवावी लागतात, एवढा फायदा नक्की.

अंगावर पिणाऱ्या बाळाला हा उपचार जवळजवळ लागूच पडत नाही. आईच्या दुधात पिष्ट पदार्थ पचवणारं अमायलेज नावाचं विकर असतं. काढलेल्या दुधात तांदळाचं किंवा नाचणीचं पीठ कालवलं तर ते विकर पिठावर काम करतं आणि घट्ट केलेलं दूध थोड्या वेळात पुन्हा पातळ होतं. त्यात आपण घरी करतो ती नाचणी मोड आणलेली. मोड येताना धान्यातही हेच विकर तयार होतं, म्हणून मोडाच्या पिठाची पेज साध्या पिठापेक्षा पातळ शिजते. वाटीत हा गुणच आहे: तेवढ्याच पेजेत जास्त पीठ मावतं, बाळाला ती गिळायला सोपी जाते आणि चार घासांत जास्त ताकद मिळते. बाटलीत मात्र आपण दूध घट्ट करायला नेमकं पातळ होणारं पीठ निवडलेलं असतं.

बाटलीबद्दल आणखी एक सांगते आणि ते सांगताना माझा आवाज चढतो. घट्ट दूध निपलमधून उतरत नाही म्हणून सुई तापवून भोक मोठं करायची पद्धत आहे. करू नका. त्या भोकातून दूध सोसवेल त्यापेक्षा जास्त वेगानं येतं, बाळाला ठसका लागतो, ते हवा गिळतं, गरजेपेक्षा जास्त पितं आणि तुडुंब भरलेलं पोट पुन्हा वर येतं. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर कुठलीही घट्ट करणारी पावडर स्वतःच्या मनानं अजिबात द्यायची नाही. त्यातल्या काहींनी अशा बाळांच्या आतड्यांना गंभीर इजा झालेली आहे.

आता वाटीकडे येऊ. वरचं अन्न पूर्ण सहा महिने झाले की, म्हणजे १८० दिवसांनंतर. जागतिक आरोग्य संघटना हेच सांगते, अंगणवाडीचा शिधा तेव्हापासूनच सुरू होतो, आणि १९९२ च्या शिशुआहारविषयक कायद्यात २००३ साली जी सुधारणा झाली तिनंही डबाबंद शिशुआहार सहा महिन्यांनंतरचाच धरलाय. मान स्थिर हवी, आधारानं बसता यायला हवं, आणि तोंडात ठेवलेला घास जिभेनं बाहेर ढकलणं थांबलेलं हवं. ओकणं या यादीत नाही. ते बाळाला लवकर भरवायचं कारण होत नाही आणि उशिरा भरवायचंही नाही.

उष्टावणाचा घोळही इथंच मिटवू. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, म्हणून मुलीचं पाचव्यात उरकायची घाई असते. करायचं तर सातव्यात करा, तोही विषमच आहे. पाचव्यातच हौस असेल तर मामाच्या मांडीवर बसवा, वाटीसोबत फोटो काढा आणि वाटी सहा महिने भरेपर्यंत परत कपाटात ठेवा.

सहा महिने भरले की ओकणाऱ्या बाळालाही इतरांसारखंच भरवायचं. "ओकतंय ना, मग पातळच दे" हे ऐकलं की मला डाळीचं वरचं पाणी आठवतं आणि चीड येते. डाळीच्या पाण्यात डाळ नसते. त्यानं पोट भरतं, ताकद मिळत नाही, आणि पातळ असल्यामुळं ते सगळ्यात आधी वर येतं. मऊ भात आणि मुगाची डाळ कुस्करून इतकी दाट ठेवा की चमचा थोडा तिरका केला तरी ओघळू नये. सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा. एकदम वाटीभर नको, कारण या बाळांना थोडं थोडं आणि वरचेवर जास्त मानवतं. तूप पाव-अर्धा छोटा चमचा जरूर घाला. धार नको, जास्त स्निग्ध असलं की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. अंगावरचं दूध चालूच राहतं.

बाळ सरळ बसलेलं हवं. पाय लांब करून, बाळाला त्यावर आडवं टाकून, गाल दाबून हाताच्या ओंजळीनं पेज ओतायची पद्धत आपल्याकडं अजून आहे. आंघोळीला पाय घ्या, जेवणाला नको. जेवल्यावर वीस-तीस मिनिटं उभं किंवा बसतं धरा. झोपवताना मात्र पाठीवर आणि सपाट, डोक्याखाली मोहरीची उशी न घालता.

अंडं, शेंगदाण्याचं कूट, दही हे ओकण्याच्या भीतीनं लांबवायची गरज नाही. टोमॅटो किंवा लिंबानं एखाद्या बाळाचं ओकणं वाढतं, सगळ्यांचं नाही; तुमच्या बाळाचं वाढलं तर थोडे दिवस थांबा. एका बाबतीत मात्र नाचणीवर नाहक खापर फुटतं. सत्त्व गाईच्या दुधात शिजवलेलं असतं, बाळ जास्त ओकतं, अंगावर पुरळ येतं, शीमध्ये रक्त किंवा शेंब दिसतो, आणि घरात ठरतं की नाचणी बाधली. तिथं आधी संशय घ्यायचा तो दुधातल्या प्रथिनांच्या ॲलर्जीचा. म्हशीचं किंवा शेळीचं दूध देऊन तो प्रश्न सुटत नाही, कारण ती प्रथिनं बरीच सारखी असतात. नाचणी पाण्यात शिजवा, बाळाला दाखवून आणा, आणि दूध बंद करायचं की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या.

ओकारी हिरवी असेल, तिच्यात रक्त असेल, पहिल्या दोन महिन्यांत दूध कारंज्यासारखं लांब उडत असेल, वजन वाढत नसेल, बाळ पाठ ताणून प्यायचंच नाकारत असेल, किंवा सहा महिन्यांपर्यंत ठीक असलेलं बाळ त्यानंतर नव्यानं ओकायला लागलं असेल, तर बाटली आणि वाटी दोन्ही बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञाकडे जायचं. हिरव्या ओकारीला तर सकाळ व्हायची वाटही पाहायची नाही.