पाच व्होल्टात 500 वॅट?

परवा भाच्याने एक स्पीकर आणला, खोक्यावर मोठ्ठं लिहिलेलं 500 वॅट पीएमपीओ (म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचा जाहिरातीतला आकडा), आणि चालतो कशावर तर मोबाईलच्या 5 व्होल्ट 1 अँपियरच्या चार्जरवर! अरे बाबा, 5 गुणिले 1 म्हणजे 5 वॅट, उरलेले 495 काय अंगारा लावून आले का?

त्यालाही आता घरी स्पीकर बनवायचाय, मग प्रश्न आला आवाज मोठा करणारा आयसी, म्हणजे अँप्लिफायरची चिप, कुठला घेऊ. पुण्याच्या तापकीर गल्लीत विचारलं की हमखास हातात पडणारे दोन, जुना एलएम386 आणि पीएएम8403चं बोटभर बोर्ड.

386ची गंमत अशी की स्पीकरचं एक टोक ग्राउंडला. आउटपुट आरामात असतो तेव्हा अडीच व्होल्टवर, तिथून जेमतेम अडीच वर, अडीच खाली. 8 ओहमच्या स्पीकरला हिशोब लावा, अडीचचा वर्ग भागिले 16 (8 ओहमची दुप्पट), म्हणजे 0.39 वॅट, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच कारण आयसी स्वतःही थोडे व्होल्ट खातो. शिवाय ते अडीच व्होल्ट स्पीकरमध्ये शिरू नयेत म्हणून मधे 220 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लागतो तो वेगळाच.

8403मध्ये स्पीकरची दोन्ही टोकं आयसीच्या हातात. ताक घुसळताना रवीची दोरी कशी, एक हात ओढतो तेव्हा दुसरा सोडतो, तसंच. एक टोक 5 वर गेलं की दुसरं 0 वर, मग उलट. व्होल्टेज दुप्पट आणि पॉवर वर्गाने वाढते म्हणून चौपट, 25 भागिले 16, दीड वॅट! त्याच चार्जरवर. दोन्ही टोकं अडीचवरच विसावतात त्यामुळे कॅपॅसिटरची कटकटही नाही. 4 ओहमला 3 वॅट, पण त्या टोकाला आवाज चांगलाच फाटतो.

फक्त स्पीकरची काळी वायर ग्राउंडला जोडायची नाही. मी सवयीने जोडली होती, बोर्ड गेलं.

मग 386 कशाला घ्यायचा? मिडियम वेव्ह रेडिओ बनवत असाल तर. 8403 सेकंदाला साधारण 2 लाख 60 हजार वेळा चालू-बंद होत असतो आणि त्याचा गोंगाट त्या आकड्याच्या पटींवरही उमटतो, त्याची तिप्पट 780 किलोहर्ट्झ, आणि आपली पुणे आकाशवाणी 792 वर. बातम्यांऐवजी शिट्टी ऐकावी लागेल.