बडोद्याहून परदेशी पैसे पाठवताना : पात्रता, कागदपत्रे आणि खरा खर्च कसा ताडून पाहावा

जुलै उजाडला की रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंतच्या बँकांमध्ये काखेत फाइल धरलेले पालक दिसू लागतात. मुलाचे किंवा मुलीचे परदेशातील प्रवेशपत्र आलेले असते, फीची तारीख जवळ आलेली असते आणि काउंटरवर पोहोचताच पहिला प्रश्न विचारला जातो : "तुमचा चार्ज किती?" या प्रश्नाचे उत्तर पाचशे किंवा हजार रुपये असे मिळते आणि पालक निश्चिंत होतात. खरा खर्च मात्र चार्जच्या रकान्यात नसून त्याच्या वरच्या ओळीत, विनिमय दराच्या आकड्यात दडलेला असतो. शिक्षणासाठी बडोद्याहून परदेशी पैसा जाणे ही काही नवी गोष्ट नाही. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली होती. तेव्हा पाठीशी दरबार होता. आज फॉर्म आपणच भरायचा आहे, म्हणून तो समजून भरलेला बरा.

परदेशी पैसे पाठवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या 'लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम'खाली मिळते. बँकेत तिला सरसकट एलआरएस म्हणतात. ही योजना फेब्रुवारी २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली आणि आजची मर्यादा एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलर आहे. पात्र ठरते ती फक्त भारतात निवासी असलेली व्यक्ती. भागीदारी फर्म, कंपनी, ट्रस्ट किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांना ही योजना लागू नाही. अल्पवयीन मुलाच्या नावानेही पैसे पाठवता येतात, मात्र फॉर्मवर पालकाची सही लागते. पॅन प्रत्येकाला अनिवार्य आहे. मर्यादा व्यक्तीगणिक असल्यामुळे आई आणि वडील आपापल्या खात्यातून स्वतंत्रपणे पाठवू शकतात. विद्यापीठाने दिलेला खर्चाचा अंदाज मर्यादेपेक्षा मोठा असेल, तर शिक्षणासाठी त्या अंदाजापर्यंतची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या परवानगीशिवाय पाठवता येते.

कोणाकडून पाठवायचे, याबाबत गैरसमज फार आहेत. सयाजीगंजातील किंवा अलकापुरीतील प्रत्येक फॉरेक्सच्या दुकानाला फी पाठवण्याचा अधिकार असतोच असे नाही. मनी चेंजरचा परवाना प्रामुख्याने परकीय चलनाची खरेदी-विक्री आणि प्रवासासाठी नोटा व कार्ड देण्यापुरता असतो. विद्यापीठाच्या खात्यावर थेट फी पाठवण्याचे काम अधिकृत डीलर बँक, म्हणजे त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक, किंवा दुसऱ्या श्रेणीचा अधिकृत डीलर करतो. दुकानदार बहुधा अशा डीलरचा मध्यस्थ असतो, आणि त्यात वावगे काही नाही. पण पैसे नेमके कोणत्या परवानाधारकाच्या नावाने जाणार आहेत, हे विचारून घ्यावे आणि पावतीवर तेच नाव पाहावे.

कागदपत्रे पुढीलप्रमाणे लागतात. पैसे पाठवणाऱ्याचे पॅन व केवायसीचे कागद, विद्यार्थ्याच्या पासपोर्टची प्रत, विद्यापीठाचे प्रवेशपत्र, फीचे मागणीपत्र, व्हिसा आला असल्यास त्याची प्रत आणि अमेरिकेसाठी तिथले विद्यापीठ देते ते आय-२० पत्र हा संच तयार ठेवावा. कर्जातून पैसे जात असतील तर मंजुरीपत्र जोडावे. खाते नवे असेल तर बँक मागील वर्षाचे बँक स्टेटमेंट किंवा आयकर विवरणपत्राची प्रतही मागू शकते. त्यानंतर भरायचा तो ए-२ फॉर्म. त्यातच एलआरएसचे घोषणापत्र असते आणि चालू आर्थिक वर्षात याआधी कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेतून, किती रक्कम पाठवली, हे त्यात लिहून द्यावे लागते. लाभार्थ्याचे नाव मागणीपत्रावर आहे तसेच, अक्षर न बदलता लिहावे. खाते क्रमांक, समोरच्या बँकेची ओळख सांगणारा स्विफ्ट कोड आणि युरोपात पाठवायचे असल्यास आयबॅन हा तिथला आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक दोघांनी मिळून, एकाने वाचून दुसऱ्याने पडताळून पाहावा. विद्यार्थी क्रमांक संदर्भाच्या रकान्यात लिहायला विसरू नये, कारण तो नसेल तर पैसे विद्यापीठात पोहोचूनही कोणाच्या नावावर जमा करायचे हे तिथल्या लेखा विभागाला कळत नाही.

ए-२ फॉर्ममधील 'पर्पज कोड' या रकान्यापाशी घाई करू नये. शिक्षणासाठी एस ०३०५ हा कोड आहे, आणि फीबरोबरच वसतिगृहाचा खर्चही त्यातच येतो. या कोडवर टीसीएस, म्हणजे बँक आपल्याकडून गोळा करून आयकर खात्यात भरते ती रक्कम, अवलंबून असते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात एका पॅनवर सर्व बँका आणि सर्व कारणे मिळून १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस नव्हता. त्यापुढे स्वतःच्या पैशातून शिक्षण किंवा उपचारांसाठी ५ टक्के आणि इतर बहुतेक कारणांसाठी २० टक्के असा दर होता, तर मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या फीवर टीसीएस अजिबात नव्हता. त्या दराने १६ लाख रुपये शिक्षणाच्या कोडखाली पाठवले तर ६ लाखांवर ३०,००० रुपये कापले जात. तेच पैसे नकळत भेट म्हणून दाखवले गेले तर १,२०,००० रुपये. हे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून पैसे पाठवण्याच्या दिवशी लागू असलेला दर बँकेकडून लेखी घ्यावा. टीसीएस बुडत नाही. तो आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनच्या कर-नोंदींत दिसतो, आयकरातून वळता होतो आणि उरला तर परत मिळतो. नोकरदाराला तो पगारातील टीडीएसमध्येही धरून घेता येतो. तरीही परतावा येईपर्यंत ती रक्कम अडकून राहते, म्हणून तिची तरतूद आधीच करावी.

आता दराकडे वळू. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या प्रत्येक दिवशी दुपारी डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे संदर्भ दर जाहीर करते. बँक आपल्याला त्या दराने डॉलर देत नाही. ती आपला 'टीटी सेलिंग' दर, म्हणजे परदेशी पाठवण्यासाठी चलन विकण्याचा दर, लावते आणि दोहोंतील फरक हीच तिची खरी कमाई असते. केवळ हिशेब समजावा म्हणून संदर्भ दर ९० रुपये धरू आणि १०,००० डॉलर पाठवायचे आहेत असे मानू. पहिली बँक चार्ज ५०० रुपये सांगते आणि दर ९१.५० लावते. दुसरी चार्ज १,५०० रुपये सांगते, पण दर ९०.४० देते. यावर जीएसटी येतो. चलन बदलण्याच्या सेवेचे मूल्य १ लाखापर्यंत १ टक्का, किमान २५० रुपये. १ ते १० लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक १ लाखावरील रकमेचा अर्धा टक्का. आणि १० लाखांपुढे ५,५०० रुपये अधिक वरच्या रकमेचा ०.१ टक्का, कमाल ६०,००० रुपये, असे धरून त्यावर, आणि चार्जवरही, १८ टक्के जीएसटी लावतात. सगळी बेरीज केली तर पहिल्या बँकेत खात्यातून सुमारे ९,१६,५०४ रुपये जातात आणि दुसऱ्या बँकेत सुमारे ९,०६,६७४ रुपये. ज्या बँकेचा चार्ज तिप्पट वाटत होता, तिथेच ९,८०० रुपयांहून अधिक वाचतात. म्हणून काउंटरवर एवढेच विचारावे : "समोरच्या खात्यात पूर्ण १०,००० डॉलर पडण्यासाठी माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?" हा आकडा एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात, तीन ठिकाणांहून लेखी घ्यावा. आपल्या खात्याचा व्यवहार जुना असेल तर दरात घासाघीस होते. ती करताना संकोच बाळगू नये.

'पूर्ण पडण्यासाठी' हे शब्द मी अनुभवाने जोडले आहेत. माझ्या मुलीच्या पहिल्या सत्राची फी पाठवताना काउंटरवरील ताईंनी विचारले होते, "काका, चार्ज कोना माथे?" मी उत्तर दिले, "बधा करे छे तेम," म्हणजे सगळे करतात तसे. फॉर्मवर 'एसएचए' या चौकटीत खूण झाली, म्हणजे इथला चार्ज माझा आणि वाटेतल्या बँकांचा पैसे घेणाऱ्याच्या माथी. मधल्या एका बँकेने आपले २५ डॉलर कापून घेतले, फी तेवढ्याने कमी जमा झाली आणि मुलीची नोंदणी पाच दिवस अडकली. परक्या शहरात नुकत्याच उतरलेल्या मुलीचा तो रडवेला आवाज मी विसरलेलो नाही. फी पाठवताना 'ओयूआर' हा, म्हणजे वाटेतलेही सगळे चार्ज आपणच भरण्याचा पर्याय निवडावा. त्याचे थोडे जास्त पैसे इथेच द्यावे लागतात, पण पाठवलेली रक्कम सहसा पुरी पोहोचते.

सिंगापूरमधील नातेवाइकांना निर्वाहासाठी किंवा भेट म्हणून लहान रकमा पाठवायच्या असतील, तर २१ फेब्रुवारी २०२३ पासून यूपीआय आणि तिथली पेनाऊ ही व्यवस्था जोडलेली आहे. सहभागी बँकांच्या ॲपमधून दिवसाला ६०,००० रुपयांपर्यंत पैसे काही क्षणांत जातात.

प्रवासाला निघताना बहुतेक देशांसाठी एका फेरीस ३,००० डॉलरपर्यंतच्याच नोटा मिळतात. उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डावर घ्यावी. चलन घेताना ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोखीने देता येत नाहीत. भारतातील साधे कार्ड परदेशात वापरले तर अनेक बँका ३.५ टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्यावर जीएसटी लावतात. तिथल्या दुकानात यंत्रावर 'रुपयांत की स्थानिक चलनात' असे विचारले, तर स्थानिक चलनच निवडावे, कारण रुपयांतला दर दुकानाच्या बाजूने ठरवलेला असतो. परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे द्यावे. २,००० डॉलरपर्यंत ते जवळ ठेवता येते.

उलट दिशेने, म्हणजे मुलाने आईवडिलांना पैसे पाठवताना, तपासण्याची रीत तीच आहे : हातात एकूण किती रुपये पडले ते पाहावे. मनी ट्रान्सफर योजनेत एका वेळी २,५०० डॉलरची आणि एका व्यक्तीला वर्षात ३० वेळांची मर्यादा आहे, आणि रोख ५०,००० रुपयांपर्यंतच मिळते. एक्स्चेंज हाउसमार्फत थेट बँक खात्यात येणाऱ्या घरखर्चाच्या पैशांना अशी मर्यादा नाही. अमेरिकेतून रोख रक्कम किंवा मनी ऑर्डर देऊन पैसे पाठवल्यास १ जानेवारी २०२६ पासून १ टक्का कर लागतो. बँक खात्यातून पाठवल्यास तो लागत नाही. मुलाने आईवडिलांना दिलेल्या पैशांवर इथे आयकर लागत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. "माझ्या आईला इथे रुपये द्या, मी तुमच्या मुलाला तिकडे डॉलर देतो," अशी देवघेव दांडिया बाजारातल्या सज्जन घरांतही सुचवली जाते. बोलणाऱ्याच्या मनात काळेबेरे नसते, पण फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने हा व्यवहार निषिद्ध आहे आणि दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. वाचलेल्या दोन-चार हजारांसाठी तो धोका कोणीही पत्करू नये.

शिक्षणासाठी गेलेला विद्यार्थी फेमाच्या दृष्टीने अनिवासी ठरतो, म्हणून त्याचे इथले साधे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या रुपयांतील खात्यात बदलून घ्यावे. हे काम निघण्यापूर्वी बँकेत विचारून ठेवले तर पुढे तिकडून कागद मागवावे लागत नाहीत.

पैसे गेल्यावर बँकेकडून स्विफ्ट संदेशाची, म्हणजे तिने समोरच्या बँकेला पाठवलेल्या सूचनेची प्रत मागून घ्यावी. तिच्यावरील ३६ अक्षरांच्या यूईटीआर क्रमांकावरून पैसे वाटेत कोणत्या बँकेपाशी थांबले आहेत ते शोधता येते. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन विनामूल्य तक्रार करता येते; चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. त्या तक्रारीला ए-२ फॉर्मची प्रत, बँकेने लेखी दिलेला दर आणि ही स्विफ्ट प्रत जोडावी.