फारोकी, हारून

(९ जानेवारी १९४४–३० जुलै २०१४). जर्मन माहितीपटकार, निबंधपटकार (निबंधासारखा विचार मांडणारे पट करणारे) व लेखक. जन्म आजच्या चेक प्रजासत्ताकातील नोवी यिचीन येथे. वडील भारतीय डॉक्टर, आई जर्मन. बालपणाचा काही काळ भारतात व इंडोनेशियात गेला. बर्लिनच्या चित्रपट अकादमीत १९६६ मध्ये प्रवेश मिळाला आणि १९६८ मध्ये राजकीय चळवळीपायी हकालपट्टी झाली.

नापाम या ज्वलनशील युद्धास्त्रावरील १९६९ च्या पटात ते टेबलाशी बसून एका व्हिएतनामी पीडिताची साक्ष वाचतात आणि मग जळती सिगारेट स्वतःच्या हातावर विझवतात. निवेदन सांगते : सिगारेट ४०० अंशांवर जळते, नापाम ३,००० अंशांवर. होरपळलेली माणसे दाखवली, तर प्रेक्षक डोळे मिटून घेतील, हे त्यांनी ओळखले होते.

१९७४ ते १९८४ ते ‘फिल्मक्रिटिक’ मासिकाच्या संपादनात होते. १९८८ च्या निबंधपटात ४ एप्रिल १९४४ चे एक हवाई छायाचित्र येते. अमेरिकी विमान कारखाना टिपायला गेले होते, त्यात आउशविट्झची नाझी छळछावणीही आली. पण विश्लेषक कारखानाच शोधत असल्याने ती कुणाच्या ध्यानात आली नाही. छायाचित्रातली छावणी ओळखली गेली ती १९७७ मध्ये.

आंद्रेई उयिका यांच्यासोबतचा १०६ मिनिटांचा ‘एका क्रांतीचे व्हिडिओग्राम’ (१९९२) रोमानियातील दूरदर्शन केंद्राच्या व हौशी मंडळींच्या चित्रफितींतून जुळवला आहे. रोमानियाचे हुकूमशहा चाउशेस्कू यांच्या शेवटच्या सभेत गोंधळ उडतो, चित्र हलते, थेट प्रक्षेपण तुटते. नेमका तो क्षण हा पट पुन्हापुन्हा तपासतो.

१९९५ पासून ते दोन पडद्यांवरही काम करू लागले. फिल्मच्या संकलन-टेबलावर एकच चित्र दिसते, व्हिडिओ जोडताना दोन मॉनिटर शेजारी असतात; मांडणी तिथूनच सुचली. एक चित्र दुसऱ्याची जागा घेत नाही, त्याच्या बाजूला उभे राहून त्यावर भाष्य करते. त्यांची खरी देणगी हीच.

अकादमीतील त्यांचे विद्यार्थी व पुढे दिग्दर्शक झालेले क्रिस्टियान पेट्झोल्ड यांच्या ‘बार्बरा’, ‘फिनिक्स’ आदी कथापटांच्या लेखनात ते सहभागी होते. पत्नी आंत्ये एमान यांच्यासह त्यांनी २०११ पासून बंगळूरूसह १५ शहरांत व्हिडिओ-कार्यशाळा घेतल्या. नियम थोडकेच : विषय श्रम, लांबी एक ते दोन मिनिटे, शॉट एकच, कट नाही. कॅमेरा स्थिर ठेवा किंवा फिरवा. खरी अडचण आरंभ आणि शेवट ठरवण्याची, कारण बहुतेक काम तेच ते पुन्हा घडत असते. कुठेही सुरू केले, तर शॉट मधूनच तोडल्यासारखा वाटतो.