हॉकविंड: येणाऱ्या-जाणाऱ्यांचा बँड

२९ ऑगस्ट १९६९. लंडनच्या नॉटिंग हिल भागातल्या ऑल सेंट्स हॉलमध्ये रॉक संगीत वाजवणारी काही पोरं आगंतुकासारखी शिरली आणि आम्हालाही वाजवू द्या म्हणाली. बँडला नाव नव्हतं, म्हणून ‘ग्रुप एक्स’ असं सांगून मोकळी झाली. बसवलेली गाणीही नव्हती. एकच धून धरून ते बराच वेळ वाजवत राहिले. श्रोत्यांत बीबीसी रेडिओचा निवेदक जॉन पील होता. त्याने कार्यक्रमाचे आयोजक डग्लस स्मिथला सांगितलं, यांना सोडू नकोस. त्यांच्यातल्या निक टर्नरच्या टोपणनावावरून पुढे त्यांचं नाव पडलं हॉकविंड.

हॉकविंडवर लिहिताना बहुतेक जण आधी सभासदांची लांबलचक यादी देतात आणि मग इतकी माणसं का टिकली नाहीत म्हणून हळहळतात. मला ही हळहळ पटत नाही. या बँडची घडणच अशी होती की दार उघडं राहायचं. गिटार वाजवणारा डेव्ह ब्रॉक लंडनच्या रस्त्यावर वाजवून पैसे मिळवायचा. सॅक्सोफोनवाला टर्नर आणि डिकमिक हे दोघे तर सामान वाहायला, मदतीला म्हणून आले आणि बँडमध्येच सामावले गेले. डिकमिकला रूढ अर्थाने कुठलं वाद्य येत नव्हतं. समोर ऑडिओ जनरेटर, म्हणजे आवाज निर्माण करणारं विजेवरचं यंत्र, मांडून तो त्यातून घुमणारे, किंचाळणारे, चढत जाणारे आवाज काढायचा. पुढे डेल डेटमार सिंथेसायझर घेऊन त्याच्या जोडीला आला. ज्या आवाजाला लोक ‘स्पेस रॉक’ म्हणू लागले त्यातला अंतराळ या दोघांनी आणला, आणि दोघेही तालमीत घडलेले वादक नव्हते.

लंडनमधला लॅडब्रोक ग्रोव्ह हा त्यांचा परिसर. तेव्हा तिथे भाडी स्वस्त होती. पडकी घरं, भूमिगत वृत्तपत्रं, चित्रकार, कवी आणि फुकटात होणारे कार्यक्रम असं ते सगळं जग होतं. १९७० साली आइल ऑफ वाइटचा प्रचंड मोठा महोत्सव भरला, तेव्हा हॉकविंडने कुंपणाबाहेर, तिकीट न काढलेल्या लोकांसाठी वाजवलं. त्याच सुमारास एलएसडी या नशेच्या द्रव्याचा वाईट अनुभव आल्यामुळे गिटारवादक ह्यू लॉइड-लँग्टन बँडबाहेर पडला. ही पहिली मोठी गळती. सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांसारख्या संगीताबद्दल बोलताना नशेचं कौतुकच जास्त होतं. एका चांगल्या वादकाला त्यापायी हा बँड नऊ वर्षं मुकला, हेही सांगायला हवं.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक माणूस असाच योगायोगाने आत आला. बास गिटार वाजवणारा डेव्ह अँडरसन एका कार्यक्रमाला आलाच नाही, पण त्याचा बास गाडीत होता. तो उचलला लेमी किल्मिस्टरने. लेमीने तोवर बास कधी वाजवला नव्हता, तो गिटारवाला. त्यामुळे एकेक स्वर न वाजवता तो गिटारसारखे कॉर्ड, म्हणजे एकदम अनेक स्वर, ओढायचा. त्या खरखरीत, जाडजूड आवाजाने हॉकविंडला बूड मिळालं. १९७२ च्या सुरुवातीला ड्रमर टेरी ऑलिस जाऊन सायमन किंग आला आणि ठेका घट्ट झाला. माझ्या मते ब्रॉकच्या गिटारखाली लेमी आणि किंग एकत्र पळत असताना हा बँड जितका जिवंत वाटतो, तितका नंतर क्वचितच वाटतो.

त्याच वर्षी फेब्रुवारीत लंडनच्या राउंडहाउस या सभागृहात ‘सिल्व्हर मशीन’ ध्वनिमुद्रित झालं. शब्द कवी रॉबर्ट कॅल्व्हर्टचे. ऐकणाऱ्यांना ते अंतराळयानाचं गाणं वाटतं, पण कॅल्व्हर्टच्या डोक्यात होती चंदेरी सायकल. त्या रात्री गायला तोच होता. पण रेकॉर्ड काढताना त्याचा आवाज काढून लेमीचा घातला. गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. आलेल्या पैशावर ‘स्पेस रिच्युअल’चा दौरा उभा राहिला: गाण्यांच्या मधून कॅल्व्हर्टचं काव्यवाचन, जोनाथन स्मीटनची प्रकाशयोजना, स्टेशियाचं नृत्य आणि बार्नी बबल्सची चित्रकला. याच परिसरात राहणारा विज्ञानकथाकार मायकेल मूरकॉक त्यांच्यासाठी लिहायचा, आणि कॅल्व्हर्ट मानसिक आजारामुळे येऊ शकला नाही तर त्याच्या जागी मंचावरही उभा राहायचा. सभासद कोण आणि पाहुणा कोण, ही रेष या काळात जवळजवळ पुसली गेली होती. डिसेंबर १९७२ मधल्या लिव्हरपूल आणि ब्रिक्स्टनच्या कार्यक्रमांवरून तयार झालेला ‘स्पेस रिच्युअल’ हा दुहेरी अल्बम १९७३ साली आला. हॉकविंडची ओळख करून घ्यायची तर सुरुवात इथून करावी.

मग १९७५. मे महिन्यात अमेरिकेतून कॅनडात जाताना सरहद्दीवर लेमीला अटक झाली. आरोप कोकेन बाळगल्याचा होता, पण सापडलेली पूड अँफेटामिन या दुसऱ्याच द्रव्याची निघाली आणि तो सुटला. टोरंटोत त्याने बँडबरोबर वाजवलं, आणि लगेच त्याला काढून टाकलं. उघड्या दाराचा बँड कुणाला दाराबाहेर ढकलत होता, आणि मला ती घोडचूक वाटते. हॉकविंडसाठी लिहिलेल्या शेवटच्या गाण्याचं नाव, ‘मोटरहेड’, लेमीने आपल्या नव्या बँडला दिलं. तो बँड पुढे जगभर गाजला.

त्याच वर्षी स्टेशियाही गेली. १९७६ साली टर्नरला काढलं. आता सूत्रं कॅल्व्हर्टकडे आली, आणि १९७७ चा ‘क्वार्क, स्ट्रेंजनेस अँड चार्म’ हा त्याचा अल्बम म्हणावा इतका त्याचा आहे. गाणी आखूड झाली, शब्दांना धार आली. व्हायोलिनवादक सायमन हाउस १९७८ मध्ये गायक डेव्हिड बोवीच्या दौऱ्यावर गेला. अमेरिकेच्या दौऱ्यानंतर उरलेली घडीही विस्कटली, तेव्हा ब्रॉक आणि कॅल्व्हर्टने ‘हॉकलॉर्ड्स’ नावाने एक अल्बम काढला. १९७९ मध्ये जुनं नाव परत आलं आणि त्याबरोबर लॉइड-लँग्टनही. १९८० च्या ‘लेव्हिटेशन’वर ड्रम वाजवतो तो ‘क्रीम’ या गाजलेल्या बँडचा जिंजर बेकर. तोही फार टिकला नाही.

मधल्या अनेक नावांवरून मी भराभर पुढे जातो आहे. पण नावाच्या भांडणापाशी थांबायलाच हवं. जुन्या सभासदांना घेऊन टर्नर पुन्हा वाजवू लागला तेव्हा ‘हॉकविंड’ हे नाव कुणाचं, यावरून त्याच्यात आणि ब्रॉकमध्ये कोर्टकचेऱ्या झाल्या. टर्नरला ‘स्पेस रिच्युअल’ या नावावर समाधान मानावं लागलं. कायद्याने ब्रॉकची बाजू भक्कम असेल, कारण सुरुवातीपासून एकदाही न सुटलेला तो एकटाच. तरी ज्याच्या टोपणनावावरून बँडचं नाव पडलं, त्यालाच ते लावता येऊ नये, याचं वाईट वाटतं. टर्नर नोव्हेंबर २०२२ मध्ये गेला. लॉइड-लँग्टन २०१२ मध्ये, लेमी २०१५ च्या डिसेंबरमध्ये.

कॅल्व्हर्ट त्यांच्या कितीतरी आधी गेला, ऑगस्ट १९८८ मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना. त्याच वर्षी रिचर्ड चॅडविक नावाचा ड्रमर बँडमध्ये आला. ब्रॉकच्या खालोखाल हॉकविंडमध्ये सर्वांत जास्त काळ टिकलेला माणूस तोच.