अकरावीला इंग्रजी साहित्य घ्यायचंय? पसंतीक्रम भरण्याआधी हे वाचा

दरवर्षी अकरावीचे अर्ज भरून देताना एक गोष्ट हमखास घडते. प्रवेश झाल्यावर एखादी मुलगी परत येते आणि म्हणते, "मी तर इंग्रजी भरलं होतं, मग मला राज्यशास्त्र, भूगोल का दिलं?" अर्ज उघडून पाहिला की कळतं, तिने निवडलं होतं ते इंग्रजी माध्यम. इंग्रजी साहित्य हा विषय त्या अर्जात कुठेच नसतो.

केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात तुम्हाला कॉलेज, शाखा आणि माध्यम मिळतं. "कला – इंग्रजी" याचा अर्थ कला शाखा इंग्रजीतून शिकायची, एवढाच. इंग्रजी साहित्य हा कला शाखेतला ऐच्छिक विषय आहे. तो आपल्याकडे ठेवायचा की नाही हे कॉलेज ठरवतं आणि तुम्ही तो निवडता प्रवेश निश्चित करताना, कॉलेजच्याच फॉर्मवर. पोर्टलवर इतकी महत्त्वाची गोष्ट ठळक सांगायला काय हरकत आहे, हे मला आजवर उमगलेलं नाही.

म्हणून अर्जाचा भाग 2, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरण्याआधी नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, पंचवटी, नाशिकरोड, जिथली कॉलेजं मनात असतील तिथे स्वतः जा. कार्यालयात तीन प्रश्न विचारा: यंदा इंग्रजी साहित्य आहे का? अनुदानित तुकडीत आहे की विनाअनुदानित? त्याच्याबरोबर कोणते विषय घेता येतात? एकाच कॉलेजात दोन्ही प्रकारच्या तुकड्या असतील, तर त्यांचे कोड वेगळे आणि फीही वेगळी. चुकीचा कोड टाकला की सगळं मुसळ केरात.

2025-26 पासून ही प्रक्रिया राज्यभर एकच झाली. त्यामुळे सुरगाणा, पेठ, दिंडोरीच्या मुलांनाही पोर्टलवरूनच यावं लागतं. एवढ्या लांबून दोनदा येणं जमत नसेल तर कॉलेजला फोन करा, पण विचारल्याशिवाय पसंती देऊ नका. कारण नियम कडक आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून तुम्ही बाहेर. पसंती दहापर्यंत देता येतात, पण जिथे हा विषयच नाही ते कॉलेज केवळ नाव मोठं म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकू नका.

पात्रतेबद्दल उगीच भीती पसरलेली असते. दहावी उत्तीर्ण असणं पुरेसं आहे. मराठी माध्यमाची मुलंही हा विषय घेऊ शकतात. अनिवार्य इंग्रजी सगळ्यांनाच असतं, 80 गुण लेखी आणि 20 तोंडी. साहित्य हा त्याहून वेगळा, स्वतंत्र विषय.

कागदपत्रांत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार हे नेहमीचंच. सीबीएसई किंवा आयसीएसईच्या मुलांनी स्थलांतर प्रमाणपत्रही काढून ठेवावं. खरी अडचण येते ती नॉन-क्रीमी लेयर दाखल्याची, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याच्या दाखल्याची. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना तो लागतो, एससी-एसटींना लागत नाही. घरात दाखला असतो, पण त्याची मुदत 31 मार्चला संपलेली असते आणि ते जूनमध्ये लक्षात येतं. आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मग प्रांतांची सही, आणि तोवर सेतूत रांगा लागलेल्या. बाबांनो, हे काम निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच उरका. जातीचा दाखलाही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचा काढून ठेवा.

तारखांचा घोळही दरवर्षीचाच. यादीत नाव लागलं म्हणजे प्रवेश झाला, असं समजून लोक निवांत बसतात. पोर्टलवर संमती देऊन, कॉलेजात मूळ कागद दाखवून, फी भरून, कॉलेजने प्रवेश निश्चित केल्यावरच तो पक्का होतो. शेवटच्या तारखेला संध्याकाळी सर्व्हर रडतो, म्हणून दोन दिवस आधीच जा. त्याच वेळी विषयाच्या फॉर्मवर "इंग्रजी साहित्य" लिहिलंय का ते स्वतः वाचा आणि शिक्का मारलेली प्रत मागून घ्या. जागा भरल्या असं सांगितलं तर तिथेच प्राचार्यांच्या नावे विषयबदलाचा अर्ज द्या आणि पोच घ्या, कारण वर्ग सुरू होऊन महिना लोटल्यावर कोणी दाद देत नाही.